मधल्या जिन्याच्या नोंदी : गिरगाव, २०२५

२ फेब्रुवारी, रविवार

खालून नववी पायरी मोडली त्याला आज आठ दिवस झाले. दूधवाल्या मुलाचा पाय आत गेला, नडगी सोलवटली, तेवढ्यावर निभावलं. त्या पायरीच्या जागी प्लायचा तुकडा ठोकलाय आणि त्यावर खडूनं फुली मारलीय. येणारा-जाणारा ती एक पायरी ओलांडून जातो. पण आजी-आजोबांनी दीड फूट उंच पाय कसा टाकायचा?

सकाळी दहाला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बैठक झाली. बेचाळीसपैकी एकतीस खोल्यांमधून माणसं आली. पहिला अर्धा तास नेहमीचंच: आता कशाला खर्च, आज ना उद्या चाळ पडणारच. या गॅलरीत पुनर्विकासाची पहिली बैठक २००४ साली झाली होती. तेव्हा माझी लेक कडेवर होती, आता ती नोकरीला लागली. या मधल्या एकवीस वर्षांत आम्ही रोज याच जिन्यानं चढलो-उतरलो. मी एवढंच बोलले, आणि विरोध निवळला.

ठरलं ते असं : मधला जिना पावसाळ्याच्या आत दुरुस्त करायचा. काम चालू असताना मागचा जिना वापरायचा. मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो, म्हणून आपली मुदत ३१ मे. नोंदी आणि हिशेब माझ्याकडे.

६ फेब्रुवारी

ऑफिसातून आल्यावर खाली बसून मापं घेतली. पहिल्या मजल्यापर्यंत अठरा पायऱ्या, पुढे दोन्ही मजल्यांना तेवढ्याच, म्हणजे एकूण चोपन्न. पायरीची रुंदी तीन फूट दोन इंच, जाडी दीड इंच, लाकूड साग.

पायरीवर आडवी पट्टी ठेवून मधला खळगा मोजला. खालच्या अठरांत तो चार ते पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरतो, मधल्या अठरांत तीन, आणि वरच्या अठरांत जेमतेम दीड. आधी वाटलं, वरचं लाकूड चांगलं असेल. मग लक्षात आलं, खालच्या पायऱ्यांवरून तिन्ही मजल्यांच्या छत्तीस खोल्या जातात, वरच्या पायऱ्यांवरून फक्त बारा. शंभरेक वर्षांत पावलांनी खरवडलेलं लाकूड त्याच हिशेबानं कमी झालंय.

आणखी एक गोष्ट. खळगा बरोबर मध्ये नाही, कठड्याच्या बाजूला सरकलेला आहे. माणूस कठड्याला धरून चढतो, त्यामुळे पाऊल तिकडेच पडतं. मी या पायऱ्यांवर लहानाची मोठी झाले, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मिस्त्री आले. मूळचे संगमेश्वरकडचे, जुन्या लाकूडकामातच आयुष्य गेलेलं. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलंही नाही. सरळ जिन्याखाली शिरले, हातोडीच्या दांड्यानं दोन्ही बाजूंच्या तिरक्या तुळया ठोकत खाली आले. वरपासून टणटण आवाज येत होता, जमिनीपासून दीडेक फुटावर तो बदबद झाला. तिथे टोच्या लावला तर अख्खा आत गेला, जशी लोण्यात सुरी.

“पायरी मोडली हे नशीब समजा ताई. नाहीतर एक दिवस जिनाच बसला असता.”

कारण तिथेच दिसत होतं. पंधराएक वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं जिन्याचा पाया ‘पक्का’ करून दिला होता. म्हणजे तुळयांच्या टोकांना चारही बाजूंनी सिमेंटचा गिलावा थापला. तेव्हा आम्हालाही ते बरं वाटलं, पैसेही आनंदानं दिले. पण लाकूड पावसाळ्यात पाणी पितं आणि नंतर ते बाहेर टाकतं. सिमेंटनं त्याचा श्वास कोंडला. भिंतीतली ओल आत यायची आणि जायला वाट नाही. आधी लाकूड कुजलं, मग मऊ झालेल्या लाकडाला वाळवी लागली. वरचा भाग शंभर वर्षं उघडा राहिला, तो ठणठणीत. झाकलेला तेवढाच गेला.

एका बाजूला जिना तीन सूत खचलेलाही आहे. पातळी लावून दोनदा खात्री केली.

१४ फेब्रुवारी

मालकांचं ना-हरकत पत्र मिळालं. शिवाय त्यांनी पंचवीस हजार देऊ केले. माझ्या खोलीचं भाडं महिना ब्याऐंशी रुपये आहे, त्यामुळे मालकांच्या नावानं बोटं मोडणं मला कधी पटलं नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. युद्धानंतरच्या महागाईत आणि फाळणीच्या लोंढ्यात भाडेकरू बेघर होऊ नयेत म्हणून तो कायदा आला आणि त्यानं आमच्यासारख्यांना गिरगावात टिकवलं. पण त्या भाड्यात मालक कौलं तरी कुठून बदलणार? पागडीनं, म्हणजे भाडेहक्क देताना-घेताना दिल्या जाणाऱ्या ठोक रकमेनं, खोल्या हातोहात फिरल्या, दुरुस्तीचा पैसा मात्र कोणाच्याच खिशातून निघाला नाही. मग १९६९ मध्ये दुरुस्ती उपकर आला, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतला जाणारा कर. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती ‘अ’ वर्गात, आमची त्यातलीच. मोठी संरचनात्मक दुरुस्ती त्या वाटेनं होते, पण तिला वेळ लागतो. नववी पायरी तोवर थांबायला तयार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

वर्गणी खोलीमागे चार हजार. बेचाळीस खोल्यांचे एक लाख अडुसष्ट हजार, मालकांचे धरून एक लाख त्र्याण्णव हजार.

तळमजल्यावरचे दोघे म्हणाले, आम्ही जिना चढतच नाही, आम्ही का द्यायचे? प्रश्न रास्त होता. मिस्त्रींनी त्यांना जिन्याखाली नेलं. विजेच्या मीटरचा फळा तिथेच, त्यांची गॅसची टाकी तिथेच, पाण्याचा मोटरपंप तिथेच. वर पाहून दोघे काही बोलले नाहीत, संध्याकाळी पैसे घेऊन आले. दोन खोल्यांना हप्ते दिले आहेत, त्यांचे नंबर इथे लिहीत नाही.

८ मार्च, शनिवार

मिस्त्रींबरोबर रे रोडला लाकडाच्या वखारीत. नवा साग घ्यायचा नाही, असं त्यांचं ठाम मत. नवं लाकूड कोवळं असतं, पुरतं वाळलेलं नसतं, बसवल्यावर पीळ मारतं. त्यांना हवा होता पाडलेल्या इमारतींमधला जुना साग. त्याचं वाळून आकसणं कधीच होऊन गेलेलं असतं.

वखारीत एका कोपऱ्यात तुळया, चौकटी, कठड्याचे गज, दारं यांचे ढीग. प्रत्येक ढिगावर खडूनं कुठल्या भागातून आलं ते लिहिलेलं : लालबाग, गिरणगाव, ठाकूरद्वार. ठाकूरद्वारच्या ढिगात दाराच्या एका फळीवर आमच्या गॅलरीला आहे तसलाच फिकट निळा रंग होता. फळीच्या कडेला पेन्सिलीनं आडव्या रेघा आणि पुढे वर्षं लिहिलेली. कुणाच्या तरी मुलांची उंची. मी ती फळी घ्या म्हटलं. मिस्त्रींनी हात फिरवून पाहिली आणि म्हणाले, पायरीला चालणार नाही, पातळ आहे. ती तिथेच राहिली. परतीच्या वाटेवर तिच्याशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढे येईना.

आम्ही घेतलं ते एका जुन्या छताच्या तुळयांचं लाकूड. करवतीनं टोक कापलं तेव्हा सागाचा तेलकट, जरा चामड्यासारखा वास सुटला. मिस्त्री म्हणाले, बर्माचा आहे.

१८ मार्च

आजपासून मधला जिना बंद. मागच्या जिन्यानं गेले. दारापासून चर्नी रोडच्या फलाटापर्यंत एरवी सात मिनिटं लागतात, आज दहा लागली. मागचा जिना अरुंद, संडासांच्या बाजूनं उतरतो, समोरून कोणी बादली घेऊन आलं की एकानं थांबायचं.

ही सात मिनिटं म्हणजेच आमची खरी मिळकत. आजोबा रत्नागिरीहून बोटीनं आले ते फोर्टातल्या पेढीत कारकून म्हणून. त्यांना खोली हवी होती ती पायी किंवा ट्राममधून कचेरी गाठता येईल अशी. मुंबईच्या गिरण्या तिकडे परळ-लालबागला आणि गिरणीकामगारांच्या चाळीही तिथेच. गिरगावच्या चाळींत मात्र अशी कारकून, मास्तर, छापखान्यातली माणसं भरली. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. वडील पुढे चर्नी रोडवरून लोकल पकडून दादरला जात. मी अंधेरीला जाते. तीन पिढ्या, तीन कचेऱ्या, खोली तीच.

स्टेशनच्या नावाबद्दल वडील सांगायचे ते असं : इंग्रज सरकारनं मैदानावर गुरं चारायला फी लावली, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वारजवळ समुद्रालगतची जमीन विकत घेऊन गुरांना फुकट चरायला मोकळी केली. ती ‘चरणी’, तिच्यावरून चर्नी रोड. रेल्वे मुंबईत यावी म्हणून जमशेटजींबरोबर खटपट करणारे नाना शंकरशेट तर गिरगावचेच. स्टेशनजवळ राहतो असं आपण म्हणतो, पण वस्ती आधीची, स्टेशन तिच्या शेजारी आलं.

२२ मार्च, शनिवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

मिस्त्रींनी पायऱ्या एकेक करून सोडवायला घेतल्या. पहिल्या पायरीची फळी उपसून उलटी केली, ब्रशनं धूळ झाडली आणि मला हाक मारली. खालच्या बाजूला, डाव्या कडेपासून बोटभर आत, पटाशीनं मारलेली एक उभी रेघ. दुसऱ्या फळीवर दोन. तिसरीवर तीन, चौथीवर चार. पाचवीवर चार रेघांना छेदणारी तिरपी रेघ. त्यापुढे अठरापर्यंत तशाच. ज्या सुतारानं हा जिना केला, त्यानं फळ्या कुठेतरी खाली बसून तासल्या असणार आणि बसवताना घोळ होऊ नये म्हणून खुणा केल्या असणार. तुळईच्या आतल्या अंगाला, प्रत्येक खाचेच्या शेजारी, तशाच रेघा आहेत. फळी आणि खाच यांची जोडी.

रेघा अगदी ताज्या दिसत होत्या. तिथे ना पाऊल पोहोचलं, ना ऊन, ना रंगाचा ब्रश. मी बोट फिरवलं तर कड अजून हाताला लागली. त्या सुताराचं नाव चाळीच्या कुठल्याच कागदावर नाही.

दोन फळ्या मात्र जुळेनात. सातव्या खाचेत बारा रेघांची फळी होती आणि बाराव्या खाचेत सात रेघांची. मागे कधीतरी कोणी दुरुस्तीसाठी काढल्या असतील आणि परत लावताना अदलाबदल झाली असेल. सातवी पायरी माझ्या आठवणीत कायम कुरकुरत आली. मिस्त्रींनी दोन्ही आपापल्या घरी घातल्या. सातवीचा आवाज थांबला.

खालच्या अठरा पायऱ्यांचा निकाल : वरच्या दोन जशाच्या तशा. अकरा उलटून बसवायच्या, म्हणजे झिजलेली बाजू खाली आणि न वापरलेली सपाट बाजू वर. जिथे खळगा चार सुतांपेक्षा जास्त, तिथे उलटून चालत नाही, फळी मध्ये बारीक होते आणि वाकते. अशा चार आणि मोडलेली नववी, मिळून पाच नव्यानं रे रोडच्या सागातून. त्या पाचांवरही मिस्त्रींनी खालून रेघा मारल्या. मी सांगितलं नव्हतं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

काम बंद. पहाटेपासून ढोल. शोभायात्रा बघायला नातेवाईक आले, सगळे मागच्या जिन्यानं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गुढीची काठी वर न्यायची कशी म्हणून ती गॅलरीतून दोरीनं ओढून घेतली. अर्ध्या उघड्या मधल्या जिन्याच्या तोंडाशी कोणीतरी रांगोळी काढून ठेवली होती.

५ ते १२ एप्रिल

जिना उचलण्याचा आठवडा. दोन्ही तुळयांखाली लोखंडी टेकू आणि जॅक. तीन सूत उचलायचं होतं, पण दिवसाला एक सूत यापेक्षा जास्त नाही. इतकी वर्षं खचलेल्या जागी आजूबाजूच्या चौकटी, भिंतीचा चुना, वरची फरशी, सगळ्यांनी स्वतःला त्या उताराशी जुळवून घेतलेलं असतं. एकदम उचललं तर जिना सरळ होईल आणि भिंत फाटेल. पहिल्या मजल्यावर चार नंबरचं दार दुसऱ्या दिवशी घासायला लागलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा मोकळं झालं.

मग कुजलेली बावीस इंच टोकं कापली. नव्या तुकड्याचा सांधा आडवा न ठेवता अठरा इंच लांब तिरका कापला आणि तीन बोल्ट आरपार घातले. तिरक्या सांध्यात लाकडाला लाकूड जास्त भिडतं, भार सगळा बोल्टवर येत नाही. तळाशी सिमेंट नाही. काळ्या दगडाचे दोन ठोकळे, जमिनीपासून चार इंच वर, त्यावर तुळईचं टोक. भिंतीपासून एक इंच मोकळं. कोणी आपुलकीनं तिथे पुन्हा गिलावा मारू नये म्हणून मीटरच्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय : ही फट मुद्दाम ठेवली आहे. बुजवू नये.

२० एप्रिल, रविवार

एक विकासक येऊन बसले. पुनर्विकासाला आता ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते आणि नियमाप्रमाणे किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं. आमची खोली एकशे साठ आहे. मी सही करणार नाही असं नाही. घरात संडास हवा, लिफ्ट हवी, सुनेला स्वतःची खोली हवी, या मागण्या खऱ्या आहेत आणि चाळीच्या आठवणींनी त्या भागत नाहीत. पण त्यांनी जिन्याकडे बघून “हा खर्च वाया” असं म्हटलं, ते मला मान्य नाही. करार, परवानग्या, रिकामी करण्याची तारीख, हे होईतो रात्री-अपरात्री याच जिन्यानं माणसं येणार-जाणार. पुढच्या घरासाठी आजच्या घरात पाय मोडून घ्यायचा का?

७ मे

काल रात्री वारा आणि अवकाळी पाऊस. जिन्याच्या वरचं छप्पर गळतं हे कळलं ते बरंच झालं. तीन मंगलोरी कौलं फुटलेली, पन्हळीचा पत्रा सडलेला. पाणी भिंतीवरून थेट नव्या तुळईकडे येत होतं. बजेटमध्ये छप्पर नव्हतं, आता आहे.

११ मे, रविवार

मधला जिना सकाळी सातला उघडला. सतरा नंबरच्या आजी सर्वांत आधी उतरल्या, मग पुन्हा वर गेल्या, मग मला बोलावणं पाठवलं. वाटलं, शाबासकी असेल. आजींची तक्रार होती.

“सातवी वाजत नाही गं आता.”

नातू रात्रपाळीवरून उशिराच्या गाडीनं येतो. सातवी कुरकुरली की आजींना कळायचं, आला, आणि मग त्या कूस बदलून झोपायच्या. काल रात्री मिस्त्री खालून तपासणी करत होते, तेव्हा त्यांनी नातवाला याच जिन्यानं वर सोडलं. तो जेवून झोपलाही, आणि आजी दोनपर्यंत जाग्या. नातवाला सांगितलंय, आल्यावर आजीच्या दारावर एक टिचकी मार.

काल मेट्रो तीन आचार्य अत्रे चौकापर्यंत आली. आमच्या गिरगाव स्टेशनचं काम अजून चालू आहे. त्या कामासाठी जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरच्या काही जुन्या इमारती गेल्या. रोज तिथून जाताना मोकळ्या आकाशाकडे नजर जाते.

२६ मे, सोमवार

मान्सून आला. अकरा जून नाही, सोळा दिवस आधी. रात्रभर धो धो, सकाळी गल्लीत घोटाभर पाणी, गाड्या रखडलेल्या. रजा टाकली.

पत्र्याचं काम कालच संपलं होतं. बॅटरी घेऊन जिन्याखाली बसले. साडेनऊला भिंतीवर ओल दिसायला लागली, नेहमीच्या जागी. ती खाली उतरत आली, फटीपाशी थांबली आणि भिंतीवरूनच जमिनीला गेली. तुळईला हात लावला, कोरडी. दगडाला लावला, ओला. दुपारी दोनला पुन्हा पाहिलं, रात्री अकराला पुन्हा. मिस्त्रींना फोन केला. तिकडून म्हणाले, “बघत बसू नका ताई, जेवून घ्या.”

१ जून, रविवार

हिशेब गॅलरीत वाचून दाखवला. लाकूड ६१,४००. मजुरी ८४,०००. दगड, बोल्ट, टेकूंचं भाडं १४,२००. पत्रा व कौलं २१,७००. किरकोळ ६,३५०. एकूण १,८७,६५०. शिल्लक ५,३५०. पावत्या फायलीत, फाईल माझ्या कपाटात, कोणीही केव्हाही पाहावी.

मोडलेल्या नवव्या पायरीचा चांगला राहिलेला दीड फुटाचा तुकडा मिस्त्रींनी रंधून पाटासारखा करून दिला. खालच्या बाजूच्या रेघांना रंधा लावला नाही. तो सध्या दूधवाल्या मुलाकडे आहे, त्यानं मागितला होता.

१५ जून, रविवार

वीस दिवसांच्या पावसात तुळया कोरड्या. सांध्यात केसभरही फट नाही. चौदाव्या पायरीचा एक स्क्रू सैल झाला होता, पिळला.

शिल्लक पैशातून काय करायचं, हे गॅलरीत विचारलं. उत्तर सगळ्यांच्या तोंडी एकच होतं. दुपारी पट्टी, वही आणि बॅटरी घेऊन मागच्या जिन्याशी गेले. लेक बरोबर आली, तिनं पट्टी धरली, मी लिहून घेतलं.

मागचा जिना. पायरी १ : रुंदी दोन फूट चार इंच. खळगा सहा सूत, कठड्याच्या बाजूला.